ड्राइव्हवरच्या मोटारीत पहिल्या कॉइलवरचा ताण: मॉडेल कसं करावं?

कॉइलमधला_माणूस | सोमवार, रात्री ९.४०

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका छोट्या रिवाइंडिंग युनिटमध्ये डिझाइन, टेस्टिंग आणि वेळ पडली तर शेठना चहा आणून देणं, अशी सगळी कामं मी बघतो. एका गिऱ्हाइकाची २२ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, ४ पोलची मोटार व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालते. पॅनेलपासून मोटारीपर्यंत ६० मीटर केबल. ती आता दुसऱ्यांदा आमच्याकडे आली आहे. दोन्ही वेळा जळलेली जागा एकच: फेजची लीड आत शिरते तिथलं पहिलं कॉइल. बाकी वाइंडिंग कोरं करकरीत. ओव्हरलोड नाही, सिंगल फेजिंगची खूण नाही, आदल्या दिवशीपर्यंत मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) झकास.

केबलमधल्या परावर्तनाचं गणित मांडून झालं. डीसी बस (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) ५६० धरला, केबलचा सर्ज इम्पिडन्स (लाटेला होणारा विरोध) ८० ओहम, मोटारीचा अंदाजे १५००, म्हणजे परावर्तन गुणांक ०.९. एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये टर्मिनलवर १०६० च्या आसपास शिखर दिसतं. इथपर्यंत ठीक. पण टर्मिनलवर १०६० आले म्हणजे आत दोन शेजारच्या वेढ्यांमध्ये किती? फेजला ६ कॉइल्स सिरीजमध्ये, कॉइलला २० टर्न (वेढे).

वाइंडिंगची शिडी (एकामागून एक एल-सीच्या पायऱ्यांचं सर्किट) मांडायची तर किती पायऱ्यांची? कपॅसिटन्स आणायचे कुठून? आणि एवढं करून हाती काही लागतं का, की ‘फिल्टर बसवा’ सांगून मोकळं व्हावं?

शेवउसळ | सोमवार, रात्री ९.५२

शीर्षकात ‘ताण’ वाचून आलो. मामला घरगुती असेल असं वाटलं होतं. असो, बसतो कोपऱ्यात.

रिवाइंडर_काका | सोमवार, रात्री १०.१५

भाऊ, मॉडेल-बिडेल राहू दे. इन्व्हर्टर ड्युटीची तार घाल, लीडवर डबल स्लीव्ह, ओव्हरहँगमध्ये (स्लॉटबाहेरच्या भागात) फेज पेपर नीट, वार्निश दोनदा. पहिल्या कॉइलला हवं तर टेप मार. आमच्या दुकानात असंच करतो आणि मोटारी परत येत नाहीत.

आणि मेगरचं कौतुक सांगू नकोस. मेगर बॉडीचं सांगतो, टर्नचं नाही. दोन टर्न आपसात चिकटले असले तरी मेगर ५०० मेगओहम दाखवील आणि तू खुशीत टर्मिनल बॉक्स बंद करशील. सर्ज टेस्टर लाव.

पॅनेलवाला | सोमवार, रात्री १०.३१

काकांशी सहमत, पण तार बदलणं म्हणजे मूळ तसंच ठेवून फांदी छाटणं. ६० मीटर केबल आणि आउटपुटला काहीच नाही? ड्राइव्हच्या आयजीबीटीचा (आतल्या वेगवान स्विचचा) राइज टाइम, म्हणजे व्होल्टेजची कड चढायला लागणारा वेळ, ०.१ मायक्रोसेकंद धरला आणि केबलमध्ये लाट मायक्रोसेकंदाला १५० मीटर जाते असं धरलं, तर साडेसात मीटरच्या पुढे शिखर पूर्ण चढतं. तुमची केबल त्याच्या आठपट. नळ झटकन बंद केला की पाइपात धक्का बसतो ना, तसा धक्का सेकंदाला हजारो वेळा.

४ किलोहर्ट्झ कॅरिअर (स्विचिंगची फ्रीक्वेन्सी) धरा. एका फेजला सेकंदाला ८००० कडा, दिवसाला ६९ कोटी. ५० सायकलवर चालणाऱ्या मोटारीच्या नशिबी हे कधीच नव्हतं.

निवृत्त_अभियंता | मंगळवार, सकाळी ७.०५

जुन्या काळी हा रोग नव्हता असं आम्ही म्हणतो ते उगीच नाही. थायरिस्टर आणि जीटीओच्या ड्राइव्हमध्ये कडा मायक्रोसेकंदांत चढायची. मग १९८० च्या दशकात आयजीबीटी आला. त्यात आपल्या आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेल्या बालिगांचा मोठा वाटा. स्विचिंग लॉस कमी झाले, ड्राइव्ह लहान झाले, कडा तीक्ष्ण झाल्या आणि बिल मोटारीच्या नावावर फाडलं गेलं. आता सिलिकॉन कार्बाइड आलंय, तिथे २० नॅनोसेकंदांत काम उरकतं. वरच्याच हिशेबाने दीड मीटर केबलही लांब ठरते.

लसूणचटणी | मंगळवार, सकाळी ८.२०

भोळा प्रश्न. आमच्या घरीही इन्व्हर्टर आहे. दिवे गेले की त्यावर पंखे चालतात. पंखे जळतील का?

शेवउसळ | मंगळवार, सकाळी ८.२४

पंखे नाही जळणार. दिवे गेले की आधी बॅटरी मान टाकते.

पॅनेलवाला | मंगळवार, सकाळी ८.४०

@लसूणचटणी, तो वेगळा. तुमचा इन्व्हर्टर ५० सायकलच देतो. बीएलडीसी पंखा असेल तर त्यात छोटा ड्राइव्ह असतो, पण तो पंख्याच्या पोटातच, तार वीतभर. लाटेला धावायला जागाच नाही. निश्चिंत झोपा.

निळी_ठिणगी | मंगळवार, दुपारी १.१०

मूळ प्रश्नाकडे येते. हाय व्होल्टेज इन्सुलेशन हाच माझा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

आधी काकांशी थोडं भांडण. त्यांची इन्व्हर्टर ड्युटीची, कोरोना-रेझिस्टंट तार म्हणजे इनॅमलमध्ये अ‍ॅल्युमिना, सिलिका अशा पदार्थांचे बारीक कण घातलेले असतात. ती पार्शल डिस्चार्ज (पीडी, हवेच्या फटीतल्या बारीक ठिणग्या) थांबवत नाही, होत असलेला डिस्चार्ज जास्त दिवस सोसते. लो व्होल्टेजच्या मोटारींसाठीचं आयईसी ६००३४-१८-४१ हे स्टँडर्ड सरळ म्हणतं की या इन्सुलेशनमध्ये आयुष्यभर पीडी होताच कामा नये. पीडी सोसणाऱ्या इन्सुलेशनसाठी १८-४२ वेगळं आहे. त्यामुळे ‘तार बदलली, सुटलो’ म्हणण्याआधी पीडी होतो का हे बघावं लागतं. तिथेच मॉडेल लागतं.

आता शिडी. वाइंडिंगवर तीक्ष्ण कड आली की पहिल्या क्षणी इंडक्टन्समधून करंट वाहायला वेळच मिळत नाही. व्होल्टेज कसं वाटलं जायचं ते कपॅसिटन्स ठरवतात: टर्न ते टर्न आणि टर्न ते कोअर. कोअरकडचा कपॅसिटन्स टर्न-टर्नच्या मानाने जितका मोठा, तितका सगळा भार तोंडाशी. नंतर लाट आत सरकते आणि वाटणी हळूहळू सरळ रेषेवर येते. म्हणजे तुम्हाला हवं ते उत्तर पहिल्या पाव मायक्रोसेकंदातच आहे.

पायऱ्यांचा अंदाज असा घ्या. तुमच्या मोटारीत एका टर्नची लांबी साधारण ८० सेंटिमीटर असेल. वाइंडिंगमध्ये लाट केबलपेक्षा मंद, मायक्रोसेकंदाला १०० मीटर धरू. एका टर्नला ८ नॅनोसेकंद, २० टर्नच्या कॉइलला १६० नॅनोसेकंद. कड १०० नॅनोसेकंदांची. म्हणजे लाट पहिलं कॉइल ओलांडायच्या आतच टर्मिनल पूर्ण व्होल्टेजला पोचलेलं असतं. पहिलंच कॉइल का जळतं याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे, स्पाइस उघडायच्याही आधी. एका पायरीचा वेळ राइज टाइमच्या दहाव्या भागाहून कमी असला की काम भागतं, म्हणून पहिल्या कॉइलात एक टर्न एक पायरी पुरे. उरलेली पाच कॉइल्स एकेक ठोकळा म्हणून लावा. सिलिकॉन कार्बाइड असता तर एका टर्नचेही स्लॉटमधला आणि ओव्हरहँगमधला असे तुकडे करावे लागले असते.

कपॅसिटन्ससाठी स्लॉटचा छेद एफईएमएम या फील्ड काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढा. फुकट आहे, द्विमितीय आहे, या कामाला पुरतं. स्लॉट लायनर, इनॅमल, वार्निश यांना तीन-चारच्या आसपास परमिटिव्हिटी द्या. वेगवान लाटेला कोअर भिंतीसारखा वागतो, फ्लक्स पत्र्यात खोल शिरत नाही. त्यामुळे कपॅसिटन्सची मॅट्रिक्स मिळाली की तिच्या व्यस्तातून आणि लाटेच्या वेगावरून इंडक्टन्सची मॅट्रिक्सही काढता येते. कमी फ्रीक्वेन्सीला हे गृहीतक ढासळतं, पण तुम्हाला तिथे जायचंच नाही.

कॉइलमधला_माणूस | मंगळवार, दुपारी २.३०

हे सोनं आहे. पण डॅम्पिंगचं काय? माझ्या मॉडेलमध्ये वाजणं थांबतच नाही. प्रत्यक्षात चार-पाच हेलकाव्यांत विरतं म्हणतात.

निळी_ठिणगी | मंगळवार, दुपारी ३.०५

थांबणार नाहीच, लॉसलेस केबल आहे ती. ६० मीटर केबल साधारण ६२५ किलोहर्ट्झला वाजते. त्या फ्रीक्वेन्सीला तांब्याची स्किन डेप्थ मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, त्यामुळे रेझिस्टन्स डीसीच्या कितीतरी पट होतो. वर पत्र्यातले एडी करंट. हे नीट मांडायचं तर फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलणारे आर आणि एल लागतात आणि लोकांच्या पीएचड्या तिथेच अडकतात (माझीही बराच काळ अडकली होती).

पण पहिल्या शिखरावर डॅम्पिंगचा परिणाम नगण्य. एकाच ठिकाणी ते महत्त्वाचं: मागचं वाजणं विरायच्या आत पुढचा पल्स आला तर शिखर दुपटीच्याही पुढे जातं. ड्राइव्हमध्ये किमान पल्सचा वेळ पाळला जातो का, ते मॅन्युअलमध्ये बघा.

रिवाइंडर_काका | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

ठिणगीताई, हिशेब पटला. पण तुमच्या छेदात २० टर्न कुठे कुठे ठेवणार? आम्ही हाताने भरतो. तार स्लॉटमध्ये कशी बसली हे भरणाऱ्यालाही माहीत नसतं. पहिला टर्न आणि विसावा टर्न एकमेकांना चिकटून बसू शकतात. आमच्याकडे त्याला भेळ म्हणतात.

निळी_ठिणगी | मंगळवार, रात्री ८.२०

काका, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुम्ही मांडलात.

वेढे ओळीने बसले तर शेजाऱ्यांमध्ये कॉइलच्या व्होल्टेजचा विसावा भाग, म्हणजे तीसचाळीस व्होल्ट. कुणाला त्रास नाही. पण पहिला आणि शेवटचा टर्न शेजारी आले की जवळजवळ पूर्ण कॉइलचं व्होल्टेज त्या दोन इनॅमलच्या थरांवर. म्हणून टर्नच्या जागा यदृच्छेने शे-दोनशे वेळा मांडून बघाव्यात आणि वाईटातला वाईट शेजार घ्यावा. सरासरी घेऊ नये, मोटार सरासरीने जळत नाही.

मग त्या दोन तारांमध्ये पीडी होईल का? दोन गोल तारा टेकल्या की टेकलेल्या जागेच्या बाजूला हवेची निमुळती फट राहते. अगदी टोकाला फट इतकी अरुंद की हवा फुटत नाही, दूर गेलं की फील्ड कमी. मधे कुठेतरी ती फुटते. पाशेनने १८८९ मध्ये दाखवलेला नियम इथे लागतो: साध्या दाबाच्या हवेत किमान ३२७ व्होल्ट लागतात, तेही साधारण साडेसात मायक्रॉनच्या फटीत. एफईएमएममधून फील्डच्या रेषा काढायच्या, प्रत्येक रेषेवर हवेच्या वाट्याला आलेले व्होल्ट पाशेनच्या वक्राशी ताडायचे. इनॅमलसह हिशेब केला की नेहमीच्या जाड कोटाच्या तारेत पीडी साधारण ७०० ते १००० व्होल्ट शिखराला सुरू होतो. तापलेल्या मोटारीत आणि पावसाळी दमट हवेत त्याहून खाली.

शेवउसळ | मंगळवार, रात्री ८.३३

भेळ, नळ, लसूणचटणी. हा धागा पाककृती विभागात हलवावा.

इंदूरचा_पाहुणा | मंगळवार, रात्री ९.००

अवांतर आहे, पण ड्राइव्हवरच्या मोटारीचं बेअरिंग जातं तेही याच कडांमुळे ना? आमच्याकडे पिठमपूरला बेअरिंगच्या रेसवर धोब्याच्या फळीसारखे चरे पडलेले पाहिलेत.

पॅनेलवाला | मंगळवार, रात्री ९.१२

हो, शाफ्ट व्होल्टेज. त्यात कॉमन मोडचा मोठा हात. स्वतंत्र धागा काढा, तिथे भांडू.

नंदेसरी_मेंटेनन्स | बुधवार, सकाळी ६.५०

नाइट शिफ्ट संपवून वाचतोय. मोटार कशाला लावली आहे हे कुणीच कसं विचारलं नाही? पंप, पंखा, की आणखी काही?

कॉइलमधला_माणूस | बुधवार, सकाळी ९.३०

सेंट्रिफ्यूज. केमिकल युनिट आहे. बॅच झाली की ब्रेक मारून थांबवतात.

नंदेसरी_मेंटेनन्स | बुधवार, सकाळी ९.४१

तरी म्हटलं! मग डीसी बस ५६० कसा धरलात? टोपली थांबवताना मोटार जनरेटर होते आणि बस वर चढतो. ब्रेक रेझिस्टर असला तरी चॉपर (तो रेझिस्टर जोडणारा स्विच) ७०० च्या वरच कुठेतरी चालू होतो. ब्रेकच्या त्या मिनिटभरात बस ७४० असेल तर तुमची दुप्पट १४०० ला जाते. ड्राइव्हच्या डिस्प्लेवर डीसी व्होल्टेज लावून थांबवताना बघा.

पॅनेलवाला | बुधवार, सकाळी १०.०५

+१. अमेरिकेच्या नेमाच्या एमजी-१ स्टँडर्डमध्ये इन्व्हर्टर ड्युटी मोटारीला रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट शिखर (जुन्या आवृत्तीत सरळ १६०० व्होल्ट), राइज टाइम ०.१ मायक्रोसेकंद, असं सांगितलंय. साध्या मोटारीला १००० व्होल्ट आणि २ मायक्रोसेकंद. ही मोटार साधी असेल तर ब्रेकविनाही हद्दीबाहेर आहे, ब्रेकमध्ये तर बोलायलाच नको.

निळी_ठिणगी | बुधवार, दुपारी १२.४०

@नंदेसरी, मान गए. मी लाटेत इतकी गुंतले की लोड विचारायचा राहिला.

@कॉइलमधला_माणूस, मोटार अजून तुमच्या टेबलावर आहे ना? वार्निशच्या आधी एका फेजच्या पहिल्या कॉइलच्या शेवटी एक टॅप (मोजण्यासाठी जोडलेली तार) बाहेर काढा. फंक्शन जनरेटरने १० व्होल्टचा पल्स द्या, राइज ०.१ मायक्रोसेकंद. इतक्या वेगवान पल्सला वाइंडिंग जवळपास लिनिअर वागतं, त्यामुळे १० व्होल्टला जी टक्केवारी मिळेल तीच १००० ला धरता येते. हाय व्होल्टेज प्रोब नको, परवानगी नको, जीव मुठीत धरणं नको. मॉडेल खरं की खोटं ते अर्ध्या तासात कळेल.

निवृत्त_अभियंता | बुधवार, दुपारी १.१५

पीडीची टेस्ट हवी असेल तर दूर जायला नको. मकरपुऱ्यातच एर्डा ही विजेच्या उपकरणांची टेस्टिंग लॅब आहे, १९७४ पासून. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते इथल्या पोरांनी हाताने काम शिकावं म्हणूनच. टॅप काढा, संकोच करू नका.

कॉइलमधला_माणूस | शनिवार, रात्री ११.२०

उशीर झाला, पण आकडे घेऊन आलो.

गिऱ्हाइकाकडे जाऊन ड्राइव्हचा डिस्प्ले बघितला, तिथे सध्या उसनी मोटार चालते आहे. चालू असताना बस ५६० च्या आसपास, ब्रेक मारताना ७४० पर्यंत. नंदेसरीवाल्यांना शेवउसळ माझ्याकडून (आयडी नव्हे, खायची).

टॅप काढून पल्स दिला. ०.१ मायक्रोसेकंदाला पहिल्या कॉइलवर ६५ टक्के. मॉडेलने ७२ सांगितलं होतं. टर्नच्या जागा बदलून बघितल्या तर मॉडेल ६३ ते ७८ मध्ये फिरतं, म्हणजे काकांची भेळ आकड्यातही दिसते. पल्स मंद करून १ मायक्रोसेकंद केला तर तेच कॉइल २५ टक्क्यांवर आलं. सहा कॉइल्समध्ये समान वाटणी झाली असती तर १७ आले असते.

आता गुणाकार. चालू असताना १०६० चे ६५ टक्के, सुमारे ६९०. ठिणगीताईंच्या ७०० ते १००० च्या उंबरठ्याशी. ब्रेकमध्ये १४०० चे ६५ टक्के, ९१० व्होल्ट. पहिला आणि विसावा टर्न शेजारी असतील तर उंबरठा ओलांडलाच, तोही तापलेल्या मोटारीत. दर बॅचला. म्हणजे मोटार चालताना तगते आणि थांबताना थोडी थोडी मरते.

शेठना हेच सांगितलं. पहिला प्रश्न: ‘फिल्टर केवढ्याला?’

पॅनेलवाला | रविवार, सकाळी ९.१०

डीव्ही-डीटी फिल्टर लावलात तर कड मायक्रोसेकंदाला ५०० व्होल्टच्या आसपास येते, म्हणजे तुमच्या १ मायक्रोसेकंदाच्या जवळपास. ६० मीटर केबलला शिखर फार उतरणार नाही, पावणेदोन पटीच्या जवळ राहील. ब्रेकमध्ये साधारण १२७० धरा, त्याचे २५ टक्के म्हणजे ३२० च्या आत.

मोटारीच्या टोकाला आर-सी टर्मिनेटर हा दुसरा उपाय. पण ०.१ मायक्रोफॅरड घातलं तर ४ किलोहर्ट्झला फेजमागे सव्वाशे वॅट नुसते तापायला जातात. केमिकलच्या खोलीत तेवढी भट्टी कुणी ठेवू देणार नाही. फिल्टर ड्राइव्हशेजारी बसतो, फक्त मे महिन्यातल्या बडोद्याचा विचार करून त्याला पॅनेलच्या बाहेर जागा द्या.

कॉइलमधला_माणूस | रविवार, सकाळी ९.४५

ड्राइव्हवर कॅरिअर प्रत्यक्षात ८ आहे, तो २ किलोहर्ट्झ केला तर फुकटात काही सुटेल का? शेठ विचारतायत, मी नाही.

निळी_ठिणगी | रविवार, सकाळी १०.३०

शिखर तेवढंच राहील, कडा चौथ्या भागावर येतील. पीडी होतच असेल तर मरण लांबेल, टळणार नाही. वर मोटार किंचाळेल. त्यापेक्षा थांबायचा वेळ वाढवा. तो खरंच फुकट आहे: ब्रेक सौम्य मारला तर बस ७४० ला जाणारच नाही. बॅचमागे मिनिटभर जास्त लागेल. प्रॉडक्शनवाले ऐकतील का हे मॉडेलमध्ये बसत नाही.

नंदेसरी_मेंटेनन्स | रविवार, सकाळी १०.३४

नाही ऐकणार. फिल्टरच घ्या.

रिवाइंडर_काका | रविवार, दुपारी १२.००

टेस्ट झाली ना? मग तो टॅप मुळापासून काप, जॉइंट घासून साफ कर, त्यावर स्लीव्ह आणि टेप नीट मार आणि मगच वार्निशला दे. नाहीतर तिसऱ्यांदा तिथेच जळेल आणि शेठ म्हणतील मॉडेलमुळे जळली.